पाऊस मोजायचं प्लास्टिकचं नळकांडं, माण तालुक्यात तीन पावसाळे वापरून

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. बाकीचे स्टार कुठं गेले ते पुढं येईलच. कंपनीचं नाव देत नाही कारण हा माल ऑनलाइन दहा नावांनी मिळतो, साचा एकच, फक्त डब्यावरचं स्टिकर वेगळं. पारदर्शक प्लास्टिक, वर तोंड रुंद, खाली निमुळतं होत गेलेलं, अंगावर मिलिमीटरच्या रेघा, मागं एक पट्टी आणि दोन स्क्रू, बस. मी घेतलं २०२३ च्या मे महिन्यात, चारशेच्या आत पडलं. कुरियरवाला वस्तीवर येत नाही, तालुक्याच्या गावी, दहिवडीला जाऊन आणावं लागलं, त्यामुळं पेट्रोलचे शंभर वेगळे धरा.

घरी आणल्यावर आण्णांनी हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "आरं, ह्याला बूड कुठाय?" म्हणलं आण्णा, हे पाऊस मोजायचं हाय, खांबाला लावायचं असतंय. तर म्हणाले, "मोजायला आधी पडाय तर पायजेल." आता ह्यावर काय बोलणार.

ज्यांना माण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर मी साध्या नळकांड्यावर एवढं का लिहितोय ते कळायचं नाही. माण म्हणजे सातारा जिल्ह्याची पूर्वेकडची कोरडी बाजू. पण सातारा म्हणलं की लोकांना कास, ठोसेघर, महाबळेश्वरच आठवतं, पुण्यातल्या मित्रांना तर वाटतं आमच्या दारातच धबधबा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि आमच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास, तोपण वर्ष बरं असलं तर. मधे रस्त्यानं फक्त सव्वाशे किलोमीटर. जिल्हा एक, कलेक्टर एक, पण पश्चिमेला दरड कोसळली म्हणून रस्ता बंद आणि पूर्वेला त्याच आठवड्यात टँकर चालू, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. कारण शाळेत शिकवलेलंच आहे, समुद्रावरनं आलेलं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, गार होतं, सगळा माल तिथंच उतरवतं, आणि घाट ओलांडून खाली येताना परत गरम आणि कोरडं होतं. आमच्या वाट्याला येतो तो रिकामा ट्रक.

म्हणून जुलैत आमच्याकडं बाहेरचा माणूस आला की फसतो. आभाळ गच्च असतं, वारं असं की पत्रं रात्रभर खडखडतात, ढग डोक्यावरनं पूर्वेला पळत असतात, वाटतं आता पडणार, आणि पडतं काय तर भुरभुर, जी अंगावर पडली तर कळते पण जमिनीवर पडलेली दिसत नाही. टीव्हीवर कोयनेचे दरवाजे उघडले, कोल्हापूरची पंचगंगा पात्राबाहेर आली, आणि आम्ही बाजरी वाचवायला स्प्रिंकलर कुठं मिळतोय बघत असतो. आमचा खरा पाऊस दोन टायमाचा. एक वळीव, मे ते जूनच्या सुरवातीला, दुपारपर्यंत अंगाची लाही आणि चार वाजता अचानक आभाळ काळं होऊन धुरळा, विजा, कधी गारा, अर्ध्या तासात खेळ खलास. आणि दुसरा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरला, उत्तरा-हस्तात. "पडला हत्ती तर कोसळतील भिंती" ती म्हण आमच्याकडं नुसती म्हण नाही, रब्बीची ज्वारी त्याच्यावरच उभी असते. मृग-आर्द्राची गाणी कोकणानं म्हणावीत.

आणि ह्यातनं जो पडतो तोपण शिवार बघून. आमच्यात म्हणतात बैलाचं एक शिंग भिजतं आन् दुसरं कोरडं राहतं. ओढ्याच्या पलीकडं चुलत्याच्या रानात पाणी तुंबलेलं आणि आमच्यात पायाला धूळ, हे मी डोळ्यानं बघितलंय. मग पेपरात "दहिवडी इतके मिलिमीटर" आलं तर त्याचा मला काय उपयोग, मी दहिवडीपासून बारा-तेरा किलोमीटर आत राहतो. मोबाईलच्या ॲपचं तर सोडाच, त्यावर सत्तर टक्के पाऊस दाखवतात आणि माणूस समजतो की चांगला धो धो येणार, पण ते टक्के पडण्याच्या शक्यतेचे असतात, किती पडणार त्याचे नाहीत, एक मिलिमीटर पडला तरी ॲप बरोबरच. हे मला पण पहिल्यांदा वापरून, एकदा डाळिंबावरचा फवारा पुढं ढकलून आणि परत एकदा फवारा धुऊन निघाल्यावर कळलं. म्हणून म्हणलं, स्वतःचंच लावू.

आता वस्तू कशी आहे ते. लावायला सोपं आहे पण कुठं लावायचं ह्यात माझी पहिली चूक झाली. मी लावलं गेटच्या खांबाला, येता जाता दिसावं म्हणून, आणि शेजारी आमचा जुना कडुनिंब. महिनाभर रीडिंग गडबड. वारं पश्चिमेचं असलं की झाड पाऊस अडवायचं आणि पाऊस थांबल्यावर अर्धा तास पानावरचं पाणी टपटप त्याच्यात पडायचं. नियम असा आहे की झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक पाहिजे. हवामान खात्याच्या मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर असतं, पण आमच्याकडं तेवढ्यावर लावलं तर शेळी तोंड घालणार, कुत्रं तंगडी वर करणार, म्हणून मी मधल्या रानात लोखंडी अँगल गाडून कमरेएवढ्या उंचीवर लावलं. शास्त्राला सोडून आहे, वारं जास्त लागतं त्यामुळं भुरभुर पावसात थोडं कमीच भरत असणार, पण इलाज नाही. स्क्रू जे येतात ते दोन महिन्यात गंजतात, गावातनं स्टीलचे आणून लावा.

रीडिंग रोज सकाळी साडेआठला. हे उगाच नाही, हवामान खातं साडेआठ ते साडेआठ असा दिवस धरतं, म्हणून आपण पण तसंच केलं तर दुसऱ्या आकड्याशी ताडून बघता येतं. ह्यात एक गंमत होते, काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो, त्यामुळं पारावर बसलेली मंडळी म्हणतात पेपरवाले झोपलेत का, पाऊस पडला रविवारी आणि ह्यांनी छापला सोमवारी. मी एकदा समजावून सांगायला गेलो, परत गेलो नाही.

रेघा वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा, कडेला पाणी जरा वर चढलेलं दिसतं ते धरायचं नाही, मधला खोलगट भाग धरायचा. निमुळत्या आकाराचा फायदा इथं कळतो, खाली बुडाला एक एक मिलिमीटरच्या रेघा लांब लांब आहेत, म्हणजे दोन मिलिमीटर पाऊस पण स्पष्ट वाचता येतो, आणि माणला हेच महत्त्वाचं, आमचे निम्मे पाऊस त्याच बुडात संपतात. हवामान खातं दिवसाला अडीच मिलिमीटर झाला तरच त्याला पावसाचा दिवस म्हणतं. २०२३ ला जूनपासून ऑगस्टपर्यंत माझ्या वहीत अडीचच्या वर गेलेले दिवस दोन हाताच्या बोटावर मोजून बोटं उरली. तो ऑगस्ट तर लक्षात राहील, अख्ख्या देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि माझ्या वहीचं पान म्हणजे शून्य, शून्य, शून्य, मधेच एकदा ३८.

त्या ३८ चं सांगतो. सकाळी गेलो तर मापकात ३८ मिलिमीटर. रात्री चांदणं होतं. मी बुचकळ्यात, म्हणलं पहाटे सर येऊन गेली का काय, पण खाली माती कोरडी. आण्णा मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वळीव फकस्त खांबावरच झालाय वाटतं." पुतण्या सहा वर्षांचा, त्यानं रात्री तांब्यानं भरून ठेवलं होतं, मी रोज जाऊन रिकामं बघतो आणि तोंड पाडून येतो म्हणून. त्याला काय बोलणार. वहीत मी ते खोडलं नाही, कंसात त्याचं नाव लिहिलंय.

उपयोग काय झाला ते आता. पहिला म्हणजे पेरणी. कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, आणि आम्ही दरवर्षी एका मोठ्या सरीला भुलून पेरतो, बियाणं उगवतं, दोन पानावर येतं आणि पुढं तीन आठवडे नुसतं वारं, मग दुबार. बाजरीचं बियाणं एकवेळ परवडतं पण ट्रॅक्टरचं भाडं, माणसं, ते परवडत नाही. २०२३ ला आमच्या आजूबाजूला जूनच्या शेवटी पेरण्या उरकल्या, सगळे म्हणत होते लई झाला पाऊस, माझ्या वहीत बेरीज ४१. थांबलो. आण्णा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. थांबून फार मोठा फायदा झाला असं नाही, ते साल सगळ्यांचंच गेलं, पण दुबारचा खर्च आमचा झाला नाही एवढंच.

दुसरा उपयोग हिशोबाचा. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजे एकराला चार हजार लिटर. तीन मिलिमीटरची जी भुरभुर आम्ही पाऊस म्हणून मोजतच नाही, ती एकराला बारा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. हे मी एकदा जेवताना घरात सांगितलं, मला वाटलं सगळे चाट पडतील. आण्णा भाकरी मोडत म्हणाले, "त्यो टँकर दुपारच्या वाऱ्यानं माघारी गेला, त्याचं भाडं कुणी दिलं?" बरोबरच आहे, आमच्या जुलैच्या वाऱ्यात तीन मिलिमीटर दुपारपर्यंत टिकत नाही.

आणि इथंच मापकाचा एक स्टार मी कापलाय. वस्तूचा दोष नाही म्हणा, पण घेणाऱ्यानं समजून घ्यावं म्हणून सांगतो. आण्णांचं माप वेगळं आहे. ते पाऊस झाला की सकाळी पहार घेऊन रानात जातात, एका जागी खड्डा करतात आणि हातानं ओल बघतात, बोटभर, चार बोटं, वीतभर. त्याच्या वरचं माप म्हणजे वावरातनं पाणी बाहेर निघालं, आणि त्याच्याही वर म्हणजे ओढा आला. मी दोन वर्षं त्यांची ओल आणि माझे मिलिमीटर शेजारी शेजारी लिहिले. मला वाटलं होतं साधा कोष्टक तयार होईल, इतक्याला इतकी ओल. अजिबात नाही. २०२४ च्या मे मधे वळवाचा एक दणका झाला, पंचवीस मिनिटात ४० मिलिमीटर, मी उड्या मारतोय, आणि आण्णा पहार घेऊन गेले तर माळाच्या रानात ओल चारच बोटं, बाकी सगळं पाणी गाळ घेऊन ओढ्याला. आणि त्याच साली सप्टेंबरात रात्रभर संथ पडलेल्या २२ मिलिमीटरनं वीतभर ओल गेली, तिसऱ्या दिवशी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, ज्वारी पेरली. मापक सांगतं किती पडला, कसा पडला ते सांगत नाही, आणि खालची जमीन मुरमाड आहे का काळी हे तर त्याला माहीतच नाही. डिजिटल घेतलं तर सर किती जोरात पडली ते पण कळतं, माझ्या आत्तेभावानं फलटणला बसवलंय, आत एक छोटी वाटी भरली की डुलते आणि आकडा पुढं जातो. पण त्याला बॅटरी लागते, वाटीत कोळी जाळं करतो, आणि पैसे विचारूच नका. माझ्यात कोळी बसला तर मी फुंकर मारतो.

उरलेला अर्धा स्टार कापला तो मात्र वस्तूलाच. ऊन. आमचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळीसच्या वर, आणि पारदर्शक प्लास्टिक एका उन्हाळ्यात पिवळं पडतं, दुसऱ्यात ठिसूळ होतं. आकडे छापलेले आहेत, कोरलेले नाहीत, दुसऱ्या वर्षी ३० ते ५० मधल्या रेघा जवळपास गेल्या, मी पर्मनंट मार्करनं परत ओढल्या, त्यापण सहा महिन्यात गेल्या, मग मापकाच्या बाजूला खिळ्यानं ओरखडे काढले ते अजून आहेत. जानेवारीत बुडाला बारीक चीर गेली, एम-सील लावलंय. तर माझा सल्ला, फेब्रुवारीत काढून घरात ठेवायचं आणि एप्रिलच्या शेवटी वळवाच्या आधी लावायचं. मी पहिल्या वर्षी आळस केला.

आणि कपॅसिटी. ही तक्रार मी कधी करीन असं मला स्वप्नात वाटलं नव्हतं. मापक १०० मिलिमीटरचं आहे. घेताना वाटलं माणमधे ह्याच्या वरचं घेऊन करायचं काय, १०० म्हणजे आमचा अख्खा जून. २०२५ च्या मे मधे काय झालं ते आता सगळ्यांना माहीत आहे, मान्सून २४ तारखेला केरळात आणि दुसऱ्या दिवशी कोकणात, आणि त्याच्या आधीपासूनच आमच्याकडं रोज धार लागलेली. मे महिन्यात आमची माणगंगा नदी दोन्ही काठ भरून. दुष्काळात चारा छावणीला जनावरं नेल्याची ज्यांची आठवण ताजी आहे ती माणसं पुलावर उभी राहून पाणी बघत होती, कोण काही बोलत नव्हतं, नुसतं बघत होते. त्यातल्या एका रात्रीनंतर सकाळी साडेआठला छत्री घेऊन मी रानात, बांध फुटलेला, अँगल थोडा कललेला, आणि मापक काठोकाठ. वरनं वाहतंय. म्हणजे किती पडला? शंभर? एकशे वीस? दीडशे? काय माहीत. दोन वर्षं शून्य लिहिली आणि ज्या दिवशी लिहायचं त्या दिवशी वहीत "१०० +" एवढंच. लई चिडलो होतो. त्यामुळं घेणार असाल तर १५० च्या वरचं बघा, किंवा दोन घ्या, आणि जोराचा पाऊस चालू असेल तर झोपायच्या आधी एकदा वाचून ओतून टाका, सकाळी बेरीज करा.

नुकसानीचं पण सांगतो कारण बरेच जण त्याच्यासाठीच मापक घ्यायचं म्हणतात. त्या मे मधे आमचं डाळिंब गेलं नाही पण बांध गेले आणि वरच्या रानातली माती गेली. मी वही आणि मापकाचा फोटो घेऊन एका ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी वही चाळली, चांगली ठेवलीय म्हणाले, चहा पाजला, आणि सांगितलं की हे चालत नाही. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासात ६५ मिलिमीटरच्या वर, आणि तो आकडा मंडळाच्या केंद्राचा. फळपीक विम्याचं पण तसंच, मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडाच धरतात. त्यांचं पण चुकत नाही म्हणा, प्रत्येकाच्या खांबावरचं धरलं तर माझ्या पुतण्यासारखे तांबे घेऊन किती जण उभे राहतील. पण आमच्या मंडळाचं केंद्र आमच्यापासून लांब, आणि मधे ते बैलाचं शिंग. तेव्हा ह्या कामासाठी घेत असाल तर घेऊ नका, पैसे वाया.

थंडीत त्याचा उपयोग शून्य, दव मोजत नाही ते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं आभाळ स्वच्छ, दिवसा ऊन आणि पहाटे हात बधिर, पाऊस नाही. मधेच डिसेंबरात ढगाळ होऊन दोन-चार मिलिमीटर येतो तो मात्र बघण्यासारखा, तेवढ्यानं डाळिंबावर डाग आणि कणसातल्या ज्वारीचा रंग जातो. म्हणजे जुलैत जो आकडा आम्ही मोजत नाही तोच डिसेंबरात घाम फोडतो.

तर एकूण पैसे वसूल आहेत, लावायला मोकळी जागा, स्टीलचे स्क्रू आणि रोज साडेआठला जायची सवय असेल तर घ्या. दुसरं मी मागवलंय, मोठं, ते लावीन वरच्या माळाच्या रानात.

तीन वर्षांची वही कुणाला ताडून बघायला पाहिजे असेल तर फोटो काढून देईन. फक्त २०२४ ची ८ ते ११ जून मी नव्हतो, मेव्हण्याच्या लग्नाला गेलतो, आणि नेमका तेव्हाच पाऊस झाला. घरच्यांना सांगून गेलतो रीडिंग घ्या म्हणून. ती चार पानं बघाल तर मिलिमीटरच्या रकान्यात आण्णांच्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलंय, "वीत", "वीत", "दीड वीत", "वढा आला".